गोपालचंद्र भट्टाचार्य : मुंग्यांच्या राज्याचा साक्षीदार

शास्त्रज्ञ म्हटले की सुसज्ज प्रयोगशाळा, परदेशी विद्यापीठ आणि नावापुढे पदव्यांची माळ असे चित्र आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. या चित्रात न बसणारी काही माणसे भारतात होऊन गेली. त्यांपैकी एक म्हणजे बंगालचे कीटकनिरीक्षक गोपालचंद्र भट्टाचार्य. महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सुटलेला हा खेड्यातला शिक्षक पुढे सामाजिक कीटकांच्या अभ्यासातील भारताचा एक आद्य संशोधक ठरला. जे पाहिले ते त्यांनी आपल्या मातृभाषेत, लहान मुलांनाही कळेल अशा शब्दांत लिहून ठेवले. बंगालमध्ये त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेरील मराठी घरांत मात्र ते फारसे पोहोचलेले नाही.

पूर्व बंगालच्या फरीदपूर जिल्ह्यातील लोनसिंग या खेड्यात १ ऑगस्ट १८९५ रोजी त्यांचा जन्म झाला. हा भाग आता बांगलादेशात आहे. वडील अंबिकाचरण पौरोहित्य करीत. घरची स्थिती बेताचीच होती. गोपालचंद्र अवघ्या पाच वर्षांचे असताना वडिलांचे निधन झाले आणि आई शशिमुखीदेवींवर संसाराचा भार येऊन पडला. मुंज झाल्यावर लहान वयातच या मुलाला वडिलांची यजमानकृत्ये हाती घ्यावी लागली. पहाटे उठून पूजाअर्चा करायची, मग शाळा गाठायची, संध्याकाळी पुन्हा कामाला लागायचे, असे ते बालपण होते. पाणथळ शेते, बांबूची बने, पावसाळ्यात तुडुंब भरणारी तळी आणि त्यांत वावरणारे असंख्य जीव हेच त्या मुलाचे खेळगडी.

१९१३ साली ते मॅट्रिकची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले आणि मैमनसिंगच्या आनंदमोहन महाविद्यालयात दाखल झाले. परंतु पैशाअभावी शिक्षण पुरे होऊ शकले नाही. गावी परतून त्यांनी आपल्याच शाळेत शिक्षकाची नोकरी पत्करली. वयाच्या विशीत शिक्षणाची दारे बंद झालेला तरुण खचून गेला असता तर त्यात नवल नव्हते. गोपालचंद्रांनी मात्र मोकळा वेळ दोन कामांना वाहिला. समाजाने दूर ठेवलेल्या मुलांना विनामूल्य शिकवणे हे पहिले काम, आणि आसपासच्या झाडाझुडपांचे व किड्यामुंग्यांचे निरीक्षण करणे हे दुसरे.

याच काळात घडलेल्या एका गोष्टीने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. गावाबाहेरील एका ओसाड जागी रात्री उजेड दिसतो, अशी वदंता होती. तो भुताचा उजेड आहे, असे समजून लोक तिकडे फिरकत नसत. एका पावसाळी रात्री गोपालचंद्र त्या उजेडाचा माग काढीत निघाले. जवळ जाऊन पाहतात तो काय, एका कुजलेल्या झाडाचा बुंधा मंद प्रकाशाने उजळून निघाला होता. सडणाऱ्या लाकडावर वाढणाऱ्या काही बुरशी स्वतःच प्रकाश देतात, हे विज्ञानाला ठाऊक होते. त्या गावाला ठाऊक नव्हते. गोपालचंद्रांनी अशा वनस्पतींच्या प्रकाशाविषयी ‘प्रवासी’ या प्रतिष्ठित बंगाली मासिकात लेख लिहिला.

तोपर्यंत पोटापाण्यासाठी ते कलकत्त्यास येऊन टेलिफोन ऑपरेटरचे काम करू लागले होते. हा लेख आचार्य जगदीशचंद्र बोस यांच्या वाचनात आला. वनस्पतींच्या संवेदनांवरील प्रयोगांमुळे जगभर कीर्ती मिळवलेल्या बोसांनी १९१७ साली कलकत्त्यात आपली संशोधनसंस्था स्थापन केली होती. लेखकाची पदवी कोणती, याची चौकशी न करता त्यांनी त्या डोळस तरुणाला बोलावून घेतले आणि १९२१ साली संस्थेत साहाय्यक म्हणून नेमले. बोस स्वतःही बंगालीत विज्ञानविषयक निबंध लिहीत; त्यांचा ‘अव्यक्त’ हा संग्रह याच १९२१ सालचा. गुरूचे हे दोन्ही गुण, म्हणजे निसर्गाला थेट प्रश्न विचारण्याची सवय आणि मातृभाषेचा अभिमान, शिष्याने आयुष्यभर जपले.

संस्थेत गोपालचंद्रांचे लक्ष हळूहळू वनस्पतींकडून कीटकांकडे आणि कोळ्यांकडे वळले. त्यांच्या अभ्यासाची सामग्री कलकत्त्याच्या आसपासच्या बागांत, तळ्यांकाठी आणि पडक्या भिंतींवर विखुरलेली होती. वही, भिंग आणि कॅमेरा घेऊन ते तासन्‌तास एका जागी बसून राहत. पाण्याच्या पृष्ठभागावर टपून बसून लहान मासे पकडणाऱ्या कोळ्यांची त्यांनी नोंद केली. हुबेहूब मुंगीसारखे दिसणारे आणि मुंगीसारखेच चालणारे कोळी त्यांनी बारकाईने अभ्यासले. कोळ्याला आठ पाय असतात आणि मुंगीला सहा. म्हणून हे बहुरूपी कोळी पुढचे दोन पाय उंच धरून मुंगीच्या मिशांप्रमाणे हलवीत राहतात. अशा निरीक्षणांवर त्यांनी देशी-परदेशी शास्त्रीय नियतकालिकांत इंग्रजी निबंध लिहिले.

त्यांना सर्वांत अधिक भुरळ घातली ती झाडावर राहणाऱ्या तांबड्या मुंग्यांनी. आंब्या-फणसाच्या झाडावर पानांचा चेंडू करून राहणाऱ्या, धक्का लागताच अंगावर धावून येणाऱ्या या मुंग्या मराठी माणसाच्या चांगल्या परिचयाच्या आहेत. कोकणात त्यांना ओंबील म्हणतात. बंगळूरच्या बागांतही त्या आढळतात. त्यांचे घरटे हा प्राणिसृष्टीतील एक चमत्कारच म्हणावा लागेल. कामकरी मुंग्या पानाच्या कडेवर ओळीने उभ्या राहतात आणि शेजारचे पान जबड्यांनी धरून आपल्याकडे ओढतात. दोन पानांतील अंतर अधिक असले तर एक मुंगी दुसरीची कंबर धरते, दुसरी तिसरीची, आणि अशा जिवंत साखळ्यांनी पाने जवळ आणली जातात. मग आणखी काही मुंग्या आपल्या अळ्या तोंडात धरून आणतात. अळीच्या तोंडातून रेशमाचा धागा निघतो. ती अळी एखाद्या धोट्याप्रमाणे या पानावरून त्या पानावर फिरवली जाते आणि पाने शिवली जातात. प्रौढ मुंगीला धागा काढता येत नाही. घर बांधणाऱ्या मोठ्यांना लेकरांच्या धाग्याची गरज लागते, अशी ही व्यवस्था आहे.

गोपालचंद्रांना पडलेला प्रश्न मात्र घरट्याच्या शिवणीपलीकडचा होता. मुंग्यांच्या वसाहतीत राणी, नर आणि कामकरी असे भेद असतात. राणी अंडी घालते. कामकरी मादीच असते, पण तिचे आयुष्य बांधकाम, संगोपन, अन्नशोध आणि युद्ध यांत जाते. दोघींचा जन्म सारख्याच अंड्यातून होतो. असे असता एकीच्या वाट्याला राणीपद येते आणि दुसरीच्या वाट्याला कष्ट, याचे कारण काय असावे? ते रक्तात असते की वाढवण्यात?

हा प्रश्न सोडवण्यासाठी त्यांनी तांबड्या मुंग्यांच्या वसाहती नजरेसमोर वाढवल्या, त्यांच्या आहारात फेरफार केले आणि कोणत्या आहारावर कोणती संतती निपजते याच्या नोंदी ठेवल्या. या मुंग्यांचा चावा ज्याने अनुभवला आहे, त्याला या कामातील चिकाटीची कल्पना येईल. अळीला मिळणारे अन्न तिचे भवितव्य ठरवते, या निष्कर्षाप्रत ते आले. १९४० च्या दशकाच्या आरंभी बोस संस्थेच्या नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले. मधमाशांच्या पोळ्यात विशेष खाद्यावर वाढलेली अळी राणी होते, ही गोष्ट त्या वेळी ज्ञात होती. आपल्याकडील झाडांवरच्या मुंग्यांबाबत असा शोध घेणारे फार थोडे होते. दुसरे महायुद्ध चालू होते, आणि त्याच सुमारास बंगाल भीषण दुष्काळाच्या छायेत सापडला. अशा दिवसांत एक माणूस मुंग्यांच्या अळ्यांना काय खाऊ घातले जाते हे पाहत बसला होता. त्याला वेडा म्हणणारेही भेटले असतील. परंतु ज्ञानाची भर अशाच माणसांनी घातली आहे.

गोपालचंद्रांच्या या कामाचे मोल कळण्यासाठी पुढच्या काळात विज्ञान कोठवर गेले हे पाहणे उद्बोधक ठरेल. हजारो मुंग्या एकमेकींशी बोलतात तरी कशा, हे कोडे त्यांच्या उमेदीच्या काळात बरेचसे अंधारात होते. मुंग्या वासाचा माग काढतात एवढे माहीत होते. जमिनीवरच्या मुंग्यांच्या रांगेवरून बोट फिरवले की रांग विस्कळीत होते आणि मुंग्या क्षणभर गोंधळून इकडेतिकडे फिरू लागतात, हे कोणत्याही मुलाला अंगणात करून पाहता येते. बोटाने पुसला जातो तो वासाचा रस्ता. अशा संदेशवाहक द्रव्यांना ‘फेरोमोन’ हे नाव मिळाले ते १९५९ साली. त्यानंतर एकेक ग्रंथी आणि एकेक द्रव्य उजेडात येऊ लागले.

शिवणकाम करणाऱ्या तांबड्या मुंग्यांची आफ्रिकेत आढळणारी एक सख्खी बहीण आहे. तिच्यावरील संशोधन १९७० च्या दशकात प्रसिद्ध झाले. संकट आले की ही मुंगी जबड्याजवळच्या ग्रंथीतून एकाच वेळी अनेक द्रव्ये सोडते, असे त्यातून दिसले. झटकन उडून दूर पसरणारे द्रव्य इतर मुंग्यांना सावध करते, दुसरे त्यांना त्या जागेकडे ओढते आणि जवळच रेंगाळणारी द्रव्ये त्यांना चावण्यास प्रवृत्त करतात. जणू एकाच हाकेत सावध व्हा, इकडे या आणि तुटून पडा असे तीन हुकूम दडलेले असतात. बर्ट होल्डॉब्लर आणि एडवर्ड विल्सन या शास्त्रज्ञांनी दाखवले की याच मुंग्या अन्नाकडे, नव्या जागेकडे किंवा शत्रूकडे सोबतिणींना नेण्यासाठी वास आणि स्पर्श यांच्या निरनिराळ्या खुणा वापरतात, आणि आपल्या मुलखाची हद्दही वासाने आखून घेतात. दोन झाडांवरच्या दोन वसाहती समोरासमोर आल्या की त्यांत घनघोर युद्ध का पेटते, याचा उलगडा त्यातून होतो.

अशा संशोधनाचे भारतातील एक मोठे केंद्र पुढे बंगळूर शहरातच उभे राहिले. के. आर. पुरमहून निघाले की शहराच्या दुसऱ्या अंगाला भारतीय विज्ञान संस्थेचा वृक्षाच्छादित परिसर लागतो. तेथे राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून दक्षिण भारतात सर्वत्र आढळणाऱ्या कागदी घरट्याच्या गांधीलमाशीचा अनेक दशके अभ्यास केला. खिडकीच्या कोपऱ्यात किंवा छज्जाखाली लोंबणारे तिचे करडे घरटे आपण काठीने पाडून टाकतो. त्या घरट्यातली राणी अगदी शांत, निरुपद्रवी असते. ती कोणावर दादागिरी करीत नाही. तरीही तिच्या हयातीत दुसरी कोणी सहसा अंडी घालत नाही. राणीच्या पोटातील एका ग्रंथीतून स्रवणारी द्रव्ये तिच्या अस्तित्वाची ग्वाही घरट्यात फिरवत असतात. राणीला दूर केले की कामकऱ्यांपैकी एक काही क्षणांतच आक्रमक होते, आणि राणी परत आली नाही तर काही दिवसांनी तीच राणीपद घेते. वाढत्या वयात मिळणारे पोषण आणि घरट्यात दरवळणारी द्रव्ये या दोहोंतून कीटकांचा समाज घडतो. त्यांपैकी पहिल्या अंगाचा शोध गोपालचंद्रांनी कितीतरी आधी, अगदी साध्या साधनांनी घेतला होता.

गोपालचंद्रांची जिज्ञासा मुंग्यांपाशी थांबली नाही. बेडकाच्या पिल्लांना पेनिसिलिन दिले तर त्यांचे बेडकात रूपांतर होणे खुंटते, हेही त्यांनी प्रयोगांतून दाखवले. डबक्यातला शेपटीवाला जीव बेडूक होतो ही रोजची गोष्ट; ते होणे कशाने थांबेल, असा प्रश्न विचारण्यास वेगळी दृष्टी लागते.

त्यांच्या जीवनाचे दुसरे अंग प्रयोगशाळेइतकेच महत्त्वाचे आहे. १९४८ साली भौतिकशास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोस यांच्या पुढाकाराने बंगीय विज्ञान परिषद स्थापन झाली आणि ‘ज्ञान ओ विज्ञान’ हे मासिक सुरू झाले. ज्यांचे नाव आइन्स्टाइन यांच्या नावाशी जोडले गेले आहे, त्या सत्येंद्रनाथांचा मातृभाषेतून विज्ञान शिकवता येते यावर दृढ विश्वास होता. गोपालचंद्र या कार्यात सुरुवातीपासून सहभागी होते आणि दीर्घकाळ त्यांनी या मासिकाच्या संपादनाची धुरा वाहिली. इतरांचे लेख तपासणे, अवघड वाक्य सोपे करणे, पारिभाषिक शब्दाला रुळेल असा बंगाली शब्द शोधणे ही कामे नाव मिळवून देणारी नसतात. त्यांनी ती वर्षानुवर्षे निमूटपणे केली.

मुलांसाठी त्यांनी ‘करे देखो’, म्हणजे ‘करून पाहा’, ही पुस्तकमाला लिहिली. घरातल्या साध्या वस्तूंनी करता येणारे प्रयोग तिच्यात आहेत. ‘बांग्लार कीट-पतंग’ हे त्यांचे पुस्तक तर बंगाली विज्ञानसाहित्यातील मानाचे पान समजले जाते. मुंग्या, कोळी, फुलपाखरे, गांधीलमाशा यांच्या जीवनकथा त्यात आहेत, आणि प्रत्येक कथेमागे लेखकाने स्वतः घालवलेले कित्येक तास उभे आहेत. दुसऱ्याचे वाचून लिहिणे आणि स्वतः पाहून लिहिणे यांतला फरक वाचकाला लगेच जाणवतो. म्हणूनच त्यांची भाषा साधी असूनही तिला वजन आहे.

मराठीतही असे प्रयत्न झालेले आहेत. पुण्यातून १९२८ साली सुरू झालेले ‘सृष्टिज्ञान’ मासिक आणि १९६६ साली मुंबईत स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद ही त्याची ठळक उदाहरणे. विज्ञान आपल्या भाषेत यावे म्हणून कोणीतरी आपल्या आयुष्यातील वर्षे द्यावी लागतात, हे बंगालमध्ये जसे घडले तसेच महाराष्ट्रातही घडले.

मान्यता मात्र गोपालचंद्रांकडे सावकाश चालत आली. १९६८ साली त्यांना आनंद पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांचे वय बहात्तर-त्र्याहत्तर वर्षांचे होते. १९७५ साली ‘बांग्लार कीट-पतंग’साठी पश्चिम बंगालचा रवींद्र पुरस्कार लाभला. १९८१ साली कलकत्ता विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डी.एस्सी. ही पदवी दिली. ज्या तरुणाला पैशाअभावी महाविद्यालय सोडावे लागले होते, त्याच्या नावाशी पदवी जोडली गेली ती वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी. त्याच वर्षी, ८ एप्रिल रोजी त्यांचे निधन झाले. पुढे पश्चिम बंगाल सरकारने विज्ञानप्रसारासाठी त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला.

पदवी नसणे ही त्यांच्या आयुष्यातली उणीव होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. वेळीच आर्थिक आधार मिळता तर त्यांच्या हातून आणखी किती काम झाले असते, हा विचार मनाला चुटपुट लावतो. एका जगदीशचंद्रांनी एका मासिकातला लेख वाचला म्हणून हा माणूस विज्ञानाला मिळाला. ज्यांचे लेख कोणी वाचले नाहीत, अशी मुले त्या काळात किती असतील आणि आजही किती असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. म्हणूनच मुलाने अंगणातून आणलेल्या प्रश्नाकडे शिक्षकाने आणि पालकाने लक्ष देणे ही लहानशी गोष्ट राहत नाही.

के. आर. पुरमसारख्या उपनगरात आता इमारतींची दाटी झाली आहे. तरी कोठे एखादे आंब्याचे झाड उभे आहे, कोठे छज्जाखाली गांधीलमाशीचे घरटे आहे, स्वयंपाकघराच्या ओट्यावर साखरेच्या कणामागे लागलेली मुंग्यांची रांग तर प्रत्येक घरात आहे. गोपालचंद्रांना याहून अधिक काही लागले नव्हते. त्या रांगेपाशी बसलेल्या मुलाला हाक मारून उठवण्यापूर्वी थोडे थांबावे आणि त्याने काय पाहिले ते त्याला आपल्या भाषेत सांगू द्यावे.